चादरीच्या ऑनलाइन दुकानावर अंध गिऱ्हाईकाला ऑर्डर करता येईना, साईटमध्ये आधी काय दुरुस्त करून घेऊ?

मागावरची_लेक (सोलापूर)

नमस्कार मंडळी. आमचं घरचं चादरी-टॉवेलचं काम आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत काकांचे लूम आहेत आणि छोटं दुकान नवी पेठेत. ऑनलाइनचं सगळं मी बघते, म्हणजे फोटो टाकणं, ऑर्डर बघणं, कुरिअर, गिऱ्हाईकांचे मेसेज. कोडिंग मला येत नाही, साईट एका ओळखीच्या डेव्हलपरने केलीय.

परवा लातूरहून एका ताईंचा फोन आला. त्यांना दिसत नाही, मोबाईलवर टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) लावून सगळी कामं स्वतः करतात, लाईटबिल, रेल्वेचं तिकीट, सगळं, पण आमच्या साईटवर अडकल्या. चादरीच्या फोटोवर बोट ठेवलं की फाईलच्या नावातले आकडे वाचतो, साईज निवडायच्या जागी काहीच बोलत नाही आणि खाली गेलं की नुसतं बटन, बटन, बटन. मी लगेच फोनवर ऑर्डर घेतली त्यांची, पण त्या म्हणाल्या की दरवेळी कुणाला तरी विचारत बसावं लागतं, मला माझं मी निवडायचंय. ते मला लई लागलं ओ. चादर काय दुरूनच बघून घेतात का, हात लावून घेणारी माणसं आहेत, त्यांनाच आपलं दुकान बंद असेल तर काय उपयोग.

साईटवर मराठी आणि इंग्लिश दोन्ही आहे. वर मोठं बॅनर आपोआप सरकतं, भावाचा तक्ता पीडीएफमध्ये आहे (डीटीपीवाल्याकडून केलेला), पैशासाठी यूपीआयचा क्यूआर कोड, कोपऱ्यात व्हॉट्सॲपचं हिरवं चिन्ह. डेव्हलपर म्हणतोय की एक विजेट येतं, व्हीलचेअरचं चिन्ह कोपऱ्यात दिसतं, वर्षाची फी भरायची आणि एक ओळ कोड टाकला की साईट सगळ्यांना चालते. हे खरंय का? आणि एकदम सगळं नाही झालं तर आधी कशाला हात घालू? कायद्याचं पण कुणाला माहिती असेल तर सांगा.

टॉकबॅकवाला_सात_रस्ता

ताई, मी जन्मापासून अंध आहे, ऑफिसात कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि मोबाईलवर टॉकबॅक असे दोन स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारे प्रोग्रॅम, वापरतो, म्हणून त्या लातूरच्या ताई काय म्हणतायत ते मला बरोब्बर कळलं.

आधी आम्ही साईट वापरतो कशी ते सांगतो म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. टॉकबॅकमध्ये बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की ती दाबली जाते. म्हणजे पान आमच्यासाठी एकामागोमाग एक येतं, तुम्हाला एका नजरेत दिसतं तसं नाही. म्हणून हेडिंग लागतात. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए असेल तर एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर उडी, बी दाबलं की बटन, एफ दाबलं की फॉर्ममधली पुढची जागा. पण हे तेव्हाच चालतं जेव्हा कोडमध्ये ते खरंच हेडिंग असतं, खरंच बटन असतं. नुसती अक्षरं मोठी आणि जाड केली तर डोळ्याला हेडिंग दिसतं, आम्हाला ते साधं वाक्यच असतं. मग मेनू, बॅनर, ऑफर सगळं ऐकत ऐकत चादरीपर्यंत पोचायचं, आणि पुढचं पान उघडलं की परत पहिल्यापासून.

आता फोटो. फोटोला ऑल्ट म्हणून एक जागा असते, त्यात लिहिलेलं स्क्रीन रीडर वाचतो, ती जागाच कोडमध्ये नसली की बिचारा बऱ्याचदा फाईलचं नाव वाचायला लागतो. तिथं नुसतं 'चादर' लिहून भागत नाही, कारण तुमच्या पानावर चाळीस चादरी असतील तर मी चाळीस वेळा चादर ऐकणार. नवी पेठेतल्या दुकानात तुम्ही चादर उलगडून दाखवताना तोंडाने जे बोलता ना, तेच लिहा. 'गर्द लाल जकार्ड चादर, मधे पांढरे मोर, दोन्ही टोकांना पिवळा पट्टा.' एवढं पुरे. बाकी साईज, वजन, जाड आहे का पातळ, पहिल्या धुण्यात रंग जातो का, हिवाळ्यात एकटी पुरते का, हे ऑल्टमध्ये कोंबू नका, खाली सगळ्यांना दिसेल असं लिहा, कारण ते डोळस गिऱ्हाईकालाही हवंच असतं. आणि हात लावल्यावर कशी लागते ते आवर्जून लिहा. मला रंगाचं काय करायचंय असं पण समजू नका, घरात बाकीचे बघणारे असतात, आणि कुणाला लग्नात द्यायची असेल तर मला रंग माहिती पाहिजेच.

नुसती नक्षी, बाणाची चित्रं, रेघोट्या असतील तर तिथं ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवायचा असतो, म्हणजे ऑल्टची जागा कोडमध्ये ठेवायची पण आत काही लिहायचं नाही, मग स्क्रीन रीडर ते चित्र सोडून पुढे जातो. ऑल्ट कोडमध्ये नसणं आणि रिकामा असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या डेव्हलपरला हे सांगा.

विजेटबद्दल माझं स्पष्ट मत, नको. माझ्या फोनमध्ये वाचणारा आवाज आधीच आहे, मला दुसरा नको. तुमचं साईजचं बटन मुकं आहे तर ते विजेट लावून बोलायला लागत नाही, आणि काही ठिकाणी तर ते मधेच स्वतःचं बोलायला लागतं आणि माझ्या एनव्हीडीएशी भांडण होतं त्याचं.

कोडकर_जुळे_सोलापूर

वरच्या दादांनी मुळाचं सांगितलंय, मी डेव्हलपरला काय सांगायचं ते लिहितो, हे सरळ त्याला फॉरवर्ड केलं तरी चालेल.

साईजच्या जागी काही बोलत नाही म्हणजे बहुतेक त्याने डिव्हला क्लिक लावलेलं असणार. डिव्ह म्हणजे नुसता डबा, ब्राउझरला कळतच नाही की हे दाबायचं असतं, त्यामुळे स्क्रीन रीडर पण ते बटन म्हणून सांगत नाही आणि कीबोर्डचा टॅब पण तिथं थांबत नाही. साईजसाठी साधे रेडिओ बटन वापर म्हणावं, आणि 'कार्टमध्ये टाका' ला खरा बटन टॅग, दिसायला सीएसएसने हवं तसं सजव. बटन, बटन, बटन जे ऐकू येतंय ते आयकॉनवाले बटन आहेत, शोधायचं भिंग, कार्ट, व्हॉट्सॲप, त्यांना नाव दिलेलं नाही. प्रत्येकाला लेबल दे, 'व्हॉट्सॲपवर विचारा', 'कार्ट, २ वस्तू' असं. आणि वस्तू कार्टमध्ये पडल्यावर कोपऱ्यात जो छोटा मेसेज येऊन जातो तो आरिया-लाईव्ह लावलेल्या जागेत (तिथं काही बदललं की स्क्रीन रीडर आपोआप वाचतो) टाक, नाहीतर दिसत नाही त्या माणसाला कळतच नाही की टाकली का नाही, तो परत दाबतो आणि दोनाच्या चार चादरी होतात.

आता मराठीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. पानाच्या अगदी वर एचटीएमएल टॅगमध्ये भाषा लिहायची असते, मराठी पानाला एमआर, इंग्लिशला ईएन. बहुतेक टेम्प्लेटमध्ये ईएन आधीच असतं आणि कुणी बदलत नाही. मग काय होतं की स्क्रीन रीडर इंग्लिश आवाज लावतो आणि मराठी मजकूर आला की एकतर गप्प बसतो नाहीतर भलतंच वाचतो. एनव्हीडीएसोबत जो ईस्पीक आवाज येतो त्यात मराठी आहे, त्याला फक्त कळायला पाहिजे की हे मराठी आहे. अक्षरशः दोन अक्षरांचं काम आहे, आजच्या आज करून घ्या.

आणि ती पीडीएफ. डीटीपीवाल्याने केली म्हणताय म्हणजे जुन्या फॉन्टमध्ये असायची दाट शक्यता आहे, आपल्याकडे पत्रिका, हँडबिल, भावपत्रक सगळं अजून त्यातच होतं. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्लिशच असतात, वरून फक्त मराठीचा आकार चढवलेला असतो, म्हणजे डोळ्याला 'चादर' दिसतं पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथं इंग्लिश अक्षरांचा कचरा असतो आणि स्क्रीन रीडर तो कचराच वाचतो. बघायची सोपी पद्धत, पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. मराठी उमटली तर युनिकोड (आतूनही खरी मराठी अक्षरं) आहे, गिचमिड आली तर जुना फॉन्ट आहे. तसल्या पीडीएफमधलं गूगललाही सापडत नाही, त्यामुळे धंद्याचंही नुकसानच. माझं म्हणणं पीडीएफ काढूनच टाका, भावाचा तक्ता साईटवरच साधा टेबल करून टाका, वरच्या ओळीतले मथळे हेडर म्हणून दिले की स्क्रीन रीडर प्रत्येक आकड्यासोबत 'डबल', 'भाव' असं वाचत जातो. '४५०/-' असं लिहू नका, '४५० रुपये' लिहा.

साईट सगळ्यांना वापरता यावी ह्यासाठी जे मानक आहे त्याचं नाव डब्ल्यूसीएजी, वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेचं आहे, २०२३ च्या ऑक्टोबरात २.२ आवृत्ती आली. त्यात ए, एए, एएए अशा तीन पायऱ्या असतात, एए गाठायची ठरवा, सगळीकडे तीच धरतात.

मास्तर_विजापूर_वेस

मला दिसतं पण अंधुक, काचबिंदू आहे, आणि हाताला कंप आहे. अंध म्हटलं की सगळ्यांना पूर्ण अंधच आठवतात, आमच्यासारखे मधले लोक कुणाच्या ध्यानात येत नाहीत, म्हणून लिहितोय.

बाळ, एक तर तुमच्या साईटवर दोन बोटांनी मोठं करता येतंय का बघ. कितीतरी साईटवर ते बंदच करून ठेवलेलं असतं, का करतात कुणास ठाऊक. दुसरं रंग. भगव्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं आपल्याकडे सगळ्यांना आवडतात, मला त्यातलं काही दिसत नाही. पांढऱ्यावर फिकट राखाडी तर विचारूच नको, मराठीत मात्रा, वेलांट्या, अनुस्वार बारीक असतात, त्या आधी गायब होतात, मग 'मऊ' आहे का 'मउं' आहे ते अंदाजाने वाचायचं. ते अक्षरांमध्ये अंतर सोडून स्टाईल करतात ते पण मराठीला करू नये, शिरोरेघ तुटते आणि शब्द शब्द राहत नाही.

तिसरं ते सरकणारं बॅनर. मी वाचायला लागलो की ते पुढे जातं. बोट टेकवायला गेलो तर हात हलतो, तोवर दुसरंच पान उघडतं. बटनं मोठी ठेव, एकमेकांना चिकटून ठेवू नको. फॉर्म भरताना वेळ संपली म्हणून सगळं पुसून टाकू नको. गड्ड्याच्या जत्रेच्या ऑफरला मी मुलीला पाठवायला एक चादर घ्यायला बसलो होतो दुसऱ्याच एका साईटवर, पत्ता टाईप करेपर्यंत वेळ संपली आणि सगळं परत भरा म्हणाले. शेवटी सोडून दिलं.

कोडकर_जुळे_सोलापूर

मास्तर, तुम्ही म्हणताय ते बहुतेक सगळं मानकात आहे. साध्या अक्षरांना मागच्या रंगाशी ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराचा फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. भगव्यावर पांढरं जेमतेम दोनच्या आसपास भरतं, म्हणजे मोठ्या अक्षरांनाही नापास. त्याच भगव्यावर काळी किंवा गर्द चॉकलेटी अक्षरं टाकली तर आरामात पास होतं, रंग बदलायची गरजच नाही. मोठं करता येत नाही ते व्ह्यूपोर्टच्या ओळीत 'यूझर स्केलेबल नो' लिहिल्यामुळे, ते काढायचं, २०० टक्के मोठं केलं तरी काही कापलं जाऊ नये हा नियम आहे. आपोआप सरकणारं काहीही पाच सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर थांबवायचं बटन द्यावंच लागतं, पण ताई माझं ऐकाल तर बॅनर स्थिरच ठेवा. दाबायच्या जागेला २.२ मध्ये किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलंय, कंप असलेल्या हाताला ते कमीच पडतं, ४४ ठेवा.

अजून एक, स्टॉक संपला ते नुसतं लाल ठिपक्याने दाखवत असाल तर शेजारी 'संपलं' असा शब्द पण लिहा, लाल-हिरवं वेगळं न दिसणारी माणसं भरपूर असतात.

मागावरची_लेक (सोलापूर)

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, लई आभार. पीडीएफची ओळ व्हॉट्सॲपवर पाठवून बघितली, गिचमिडच आली! डीटीपीवाल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले युनिकोडमध्ये परत टाईप करून देतो, पण मी आता टेबलच करायला सांगितलंय. मास्तर, तुम्हाला चालेल अशी साईट झाली की मी इथंच लिंक टाकते, बघून सांगा.

पैशाचं राहिलं. क्यूआर कोडला ऑल्ट काय लिहायचा? आणि आमचा एक व्हिडिओ आहे, मागावर चादर कशी विणतात त्याचा, काका बोलतात त्यात, त्याला काय करायचं?

टॉकबॅकवाला_सात_रस्ता

क्यूआरला कितीही सुंदर ऑल्ट लिहा, माझ्याच फोनच्या स्क्रीनवरचा क्यूआर माझ्याच फोनने कसा स्कॅन करू? हे दिसणाऱ्यालाही अवघडच जातं. यूपीआय आयडी अक्षरांत लिहा, शेजारी 'आयडी कॉपी करा' बटन, आणि दाबल्यावर सरळ यूपीआय ॲप उघडेल अशी लिंक द्या, एवढ्यात माझं काम होतं. क्यूआर असू दे कॉम्प्युटरवरून बघणाऱ्यांसाठी. ओटीपीला सहा वेगळे डबे करू नका, एकच जागा ठेवा आणि तिथं पेस्ट करता आलं पाहिजे. वाकडी अक्षरं ओळखून लिहा वालं कॅप्चा असेल तर ते आधी काढा, तिथं आमचा रस्ताच संपतो.

हातांची_भाषा

व्हिडिओबद्दल मी सांगते, माझा धाकटा भाऊ बहिरा आहे. कॅप्शन पाहिजेतच, आणि ती मशीनवर सोडू नका, काका सोलापुरी बोलत असणार, त्यात मधे तेलुगू शब्द येणार, मागाचे शब्द येणार, मशीनला ते झेपत नाही. तुम्हीच ऐकून लिहून काढा, छोटा व्हिडिओ असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. बोलण्याबरोबर मागाचा खटखट आवाज येत असेल तर तो पण चौकटी कंसात लिहा, 'मागाचा आवाज' असा. आणि उलट बाजूने, अंध लोकांसाठी काकांना एवढंच सांगा की 'हे बघा असं करायचं' म्हणण्याऐवजी काय करतोय ते बोला, 'आता ताण्याचे धागे वर उचलले, मधून बाण्याचा धागा गेला' असं, मग वेगळं काही करावं लागत नाही.

आणि एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. 'मोठ्या ऑर्डरसाठी फोन करा' एवढंच लिहिलेलं असतं सगळीकडे. भावाने कसा करायचा फोन? दरवेळी मला लावतो, मी त्याच्या वतीने बोलते, समोरचा म्हणतो त्यांनाच द्या की फोन. तो बत्तीस वर्षांचा आहे, स्वतः कमावतो. मेसेज, ईमेल, काहीतरी लिहायचा रस्ता द्या आणि त्याला उत्तर पण द्या. मराठी सोपी, छोट्या वाक्यांची ठेवा, ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांना लांबलचक वाक्यं दमवतात. माल परत करायच्या नियमांचं पान तेवढं वाचून बघा, तिथं सगळ्यात वाईट भाषा असते.

वकिली_पार्क_चौक

कायद्याचं विचारलंय म्हणून थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, एप्रिल २०१७ पासून लागू, त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. कलम ४६ मध्ये सेवा देणारे म्हणून सरकारी आणि खाजगी दोन्ही येतात, त्यामुळे 'आपण खाजगी आहोत' म्हणून सुटका नाही. कायदा मोडला तर कलम ८९ खाली पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. वेबसाईट वगैरेसाठी आपलं भारतीय मानक पण आहे, आयएस १७८०२. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुडी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक किमान नियम करा. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात, तो ॲसिड हल्ल्यातल्या आणि अंध लोकांच्या ऑनलाइन केवायसीबद्दल होता, डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं.

विजेटच्या जाहिरातींचं म्हणाल तर अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये असल्याच एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले, कारण आमचं टूल लावलं की कुठलीही साईट मानकात बसते असा तिचा दावा खोटा होता. ती वर्षाची फी वाचवा.

मागावरची_लेक (सोलापूर)

डेव्हलपरला सगळा धागा पाठवला. भाषेचं आणि बटनांचं आजच करतो म्हणाला, विजेट रद्द. ऑल्ट मी आणि आत्या मिळून लिहितोय, आत्याला प्रत्येक डिझाईनचं नाव पाठ आहे आणि ती बोलायला लागली की थांबत नाही, त्यातलं मी टिपून घेते. डेव्हलपर विचारतोय की झाल्यावर तपासायचं कसं?

कोडकर_जुळे_सोलापूर

क्रोममध्ये लाईटहाऊस नावाचं तपासायचं टूल असतं, शिवाय वेव्ह आणि ॲक्स ही तसलीच टूल फुकट मिळतात, ते चालवा, पण ते फक्त ऑल्ट आहे का बघतात, बरोबर आहे का ते नाही. त्यामुळे शंभरपैकी शंभर आले तरी थांबू नका. माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरवर चादर निवडून पैशापर्यंत जाऊन बघा, आपण आत्ता कुठं आहोत ती चौकट प्रत्येक ठिकाणी दिसली पाहिजे, बरेच जण सुंदर दिसावं म्हणून ती आउटलाईन काढून टाकतात. एनव्हीडीए फुकट आहे, डाउनलोड करून डेव्हलपरला स्क्रीन बंद करून एक ऑर्डर द्यायला लावा.

टॉकबॅकवाला_सात_रस्ता

आणि त्यानंतर रोज वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, कारण डोळस माणूस स्क्रीन बंद केली तरी त्याला पान आठवत असतं. लातूरच्या ताईंना विचारा, त्या हो म्हणतील असं वाटतं. पण फुकट नको, तपासणी हे काम आहे, डेव्हलपरला तासाचे देता तसे त्यांनाही द्या, आणि त्या बोलतील ते लिहून घ्या, मधे 'तिथं खाली आहे बघा' असं सांगू नका, कुठं अडकतायत तेच तर बघायचंय. मला पण लिंक पाठवा, मी एनव्हीडीएवर बघतो, शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो. आईला डबल बेडची जाड चादर हवीच आहे, खरीच ऑर्डर टाकतो, म्हणजे पैसे भरेपर्यंत सगळं तपासून होईल.

मागावरची_लेक (सोलापूर)

शनिवारपर्यंत साईज आणि कार्टचं झालेलं असेल, पेमेंटचं पुढच्या आठवड्यात. लिंक इनबॉक्समध्ये टाकते दादा. ताईंना आत्ताच फोन लावते, तासाचा दर त्यांनाच विचारते.